दूरस्थ भांडार आणि मंदावलेली नोंद



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत ग्रंथ, ग्रंथकार आणि वाचक यांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय प्रथमदर्शनी या अपेक्षेबाहेरचा वाटेल. संगणकाच्या दूरवरच्या मोठ्या साठ्यात ठेवलेल्या लेखनाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची नोंद राखणारी व्यवस्था कधीकधी अत्यंत मंद चालते. हा मंदपणा कोठून येतो, त्याचे निदान कसे करावे आणि त्यावर उपाय कोणते, एवढाच हा विषय आहे. परंतु ज्या ग्रंथालयाने आपली जुनी कागदपत्रे, मोडी दफ्तरे किंवा दुर्मीळ ग्रंथ संगणकावर उतरविण्याचे मनावर घेतले आहे, त्याच्या दारात हा प्रश्न आज ना उद्या येऊन उभा राहतो. शिवाय त्याचे मूळ संगणकाहून फार जुने आहे.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढील तीन शतकांत हस्तलिखित नकलांच्या द्वारे महाराष्ट्रभर पसरली. नकलांगणिक पाठ बदलत गेले. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत, असे अखेरीस बजावले. कोणता शब्द कोणी, केव्हा आणि का बदलला याची नोंद नकलाकारांनी ठेवलेली नसल्यामुळेच हा मोठा खटाटोप करावा लागला.

विसाव्या शतकात याच कार्याने संस्थेचे रूप धारण केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्प सोडला. १९२५ पासून १९४३ मधील आपल्या निधनापर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला स्वतंत्र कागद घेऊन, वर श्लोक लिहावयाचा आणि त्याखाली एकेका हस्तलिखितातील पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवावयाचा, अशी पद्धत होती. या कामातील आणखी एक व्यवस्था येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. सर्वच पोथ्या पुण्यास आणून पडताळल्या गेल्या नाहीत. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही पाठ पडताळणीची केंद्रे उघडण्यात आली, आणि तेथील पंडितांनी भरलेले तक्ते पुण्यास येत असत. या व्यवस्थेचा संबंध आजच्या विषयाशी कसा आहे, ते पुढे स्पष्ट होईल.

संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही हीच अडचण भेडसावली. एकच लेखन दहा जण दुरुस्त करू लागले, की मूळ कोणते आणि सुधारित कोणते याचा पत्ता लागेनासा होतो. म्हणून १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी आवृत्त्यांची नोंद ठेवणारी एक आज्ञावली तयार केली. पुढे १९८० च्या दशकात वॉल्टर टिची यांनी पर्ड्यू विद्यापीठात तिच्याहून सुटसुटीत अशी दुसरी घडविली. आज सर्वाधिक प्रचारात असलेली ‘गिट’ ही व्यवस्था लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिली. गिटमध्ये लेखनाची प्रत्येक अवस्था जपली जाते. तिच्यासोबत बदल कोणी केला, कोणत्या दिवशी केला आणि कशासाठी केला हेही लिहिले जाते. मजकुरातील एक काना जरी हलला, तरी त्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण बदलते, त्यामुळे गुपचूप फेरफार लपून राहत नाही. जुन्या कागदांची लिप्यंतरे तपासून शुद्ध करणाऱ्या मंडळींना याहून उपयुक्त साधन मिळणे कठीण आहे.

आता दुसरी बाजू. कागदपत्रांची छायाचित्रे आणि लिप्यंतरे यांचा साठा मोठा झाला, की तो एखाद्याच्या टेबलावरील संगणकात न ठेवता मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवण्यात येतो. तो साठा नेटवर्कच्या तारेने प्रत्येकाच्या संगणकाशी अशा रीतीने जोडता येतो, की वापरणाऱ्यास तो आपल्याच यंत्रातील एखादा कप्पा वाटावा. यास संगणकाच्या भाषेत माऊंट करणे म्हणतात. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ मध्ये एनएफएस नावाची पद्धत आणली, तेव्हापासून ही सोय सर्वत्र रुळली. सोय खरोखर मोठी आहे: एकच प्रत, एकच जागा, सर्वांना ती खुली. मात्र जे जवळचे भासते ते जवळचे नसते, ही गोष्ट वापरणारा लवकरच विसरतो.

समजा, एखाद्या ग्रंथालयाच्या अशा संग्रहात ८०,००० फाइली आहेत. लिप्यंतर करणारा सकाळी कामास बसतो आणि ‘काल रात्रीपासून काय बदलले?’ एवढेच गिटला विचारतो. गिटमध्ये या आज्ञेस ‘स्टेटस’ म्हणतात. उत्तर यावयास हवे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. प्रत्यक्षात मिनिटामागून मिनिटे जातात. पहिल्या दिवशी तो चहा पिऊन येतो. आठवड्यानंतर तो दिवसातून एकदाच नोंद करू लागतो. महिन्यानंतर नोंद करणेच सोडतो आणि दुरुस्त प्रत ‘अंतिम’, मग ‘अंतिम दोन’, मग ‘अगदी अंतिम’ अशा नावांनी बाजूला ठेवू लागतो. खरी हानी येथे आहे. गेलेला वेळ भरून काढता येतो; न ठेवलेली नोंद मागाहून लिहिता येत नाही. नोंदव्यवस्था मंदावली, की माणसे तिला वळसा घालतात आणि एकनाथमहाराजांच्या पूर्वी जी स्थिती होती ती नव्या साधनांसह परत येते. म्हणून या मंदपणाकडे केवळ यंत्राची कुरकुर म्हणून पाहून चालत नाही.

मंदपणा कशाने येतो, हे समजण्यासाठी ‘स्टेटस’ विचारल्यावर गिट काय करते हे पाहावे लागते. गिटपाशी एक सूची असते. संग्रहातील प्रत्येक फाइलचे नाव, आकार, अखेरच्या बदलाची वेळ आणि अशाच काही खुणा तीत टिपलेल्या असतात. गिट ८०,००० फाइली उघडून वाचत नाही. ती साठ्यास प्रत्येक फाइलविषयी विचारते: हिचा आकार तोच आहे काय, वेळ तीच आहे काय? जुळले तर पुढची. ग्रंथपालाने वार्षिक मोजदादीच्या वेळी पुस्तक न उघडता केवळ पाठीवरचा क्रमांक वहीशी ताडून पाहावा, तसाच हा प्रकार. त्यानंतर सूचीत नसलेली नवी फाइल कोठे आली आहे काय, हे पाहण्यासाठी गिट प्रत्येक फोल्डरची यादी मागविते.

हा साठा संगणकातच असेल, तर अशी एक विचारणा सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांत पुरी होते. पाच दशलक्षांश धरले, तर ८०,००० विचारणांस अर्धा सेकंदही लागत नाही. तोच साठा त्याच इमारतीतील सर्व्हरवर असेल आणि एका विचारणेस जाऊन येण्यास अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, लागत असेल, तर एकामागून एक केलेल्या तेवढ्याच विचारणांना ४० सेकंद लागतात. आणि तो साठा मुंबईत असेल तर? बऱ्हाणपूरहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला अदमासे दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन १००० किलोमीटरांस त्यालाही ५ मिलिसेकंद लागतात. यंत्रांचा वेळ निराळाच. ८०,००० विचारणांचे ४०० सेकंद झाले. पावणेसात मिनिटांच्या आसपासचा हा काळ निव्वळ ये-जा करण्यात जातो.

या हिशेबात फाइलींचे वजन कोठेच आलेले नाही, आले आहेत ते केवळ हेलपाटे. एकेक विचारणा काही शे बाइटांची, म्हणजे पोस्टकार्डाएवढी किरकोळ असते. म्हणून नेटवर्कची रुंदी दुप्पट केली तरी फारसा फरक पडत नाही. रस्ता चौपदरी केल्याने एकट्या पोस्टमनची फेरी लवकर संपत नाही. मंदपणाची तक्रार आली, की अधिक वेगवान संगणक घ्यावा, अधिक रुंद जोडणी घ्यावी, असे सल्ले मिळतात आणि संस्थेचा पैसा खर्च होऊन दुखणे तसेच राहते, ते यामुळे. निदानावाचून केलेला उपाय रोग्यासही महाग पडतो आणि आश्रयदात्यासही.

निदानाची पद्धत समजावून घेण्यास बऱ्हाणपूरच्या रहिवाशांना दूर जाण्याचे कारण नाही. जहांगीर बादशहाच्या काळी, अब्दुल रहीम खानखानान यांची येथे सत्ता असताना, १६१५ च्या सुमारास, इराणी भूजलतज्ज्ञ तबकुतुल अर्ज यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांतून शहरात आणले. कुंडी भंडारा या नावाने ती योजना सर्वांना परिचित आहे, आणि २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. पाणी उताराने आपोआप वाहते, आणि बोगद्याच्या वाटेवर ठराविक अंतरांवर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी उभी विवरे, आहेत. त्यांतून हवा आणि उजेड आत जातो आणि माणसालाही उतरता येते. पाण्यातील चुन्याचे थर भिंतींवर साचून वाट अरुंद होते, हे तेथे उतरलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. शहरात पाणी कमी येऊ लागले, तर सारा बोगदा खणून काढण्याची आवश्यकता नसते. एका कुंडीत पाणी भरपूर आणि तिच्या पुढच्या कुंडीत कमी आढळले, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. दोन जागी मोजावे आणि फरक जेथे पडतो तेथे शोधावे. संगणकाच्या मंदपणाचे निदानही याच क्रमाने करावयाचे असते.

प्रथम तक्रार नेमक्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘संगणक हळू चालतो’ ही तक्रार नव्हे. कोणती आज्ञा, कोणत्या संग्रहात, किती सेकंद, पहिल्या वेळी की दर वेळी, हे लिहावे. पहिल्या वेळी मंद, लगेच दुसऱ्यांदा केल्यास जलद आणि काही मिनिटांनी पुन्हा मंद, असा अनुभव असेल, तर तो स्वतःच मोठा पुरावा आहे. एनएफएस एकदा मिळालेली फाइलची माहिती अल्पकाळ, सर्वसाधारणपणे ३ ते ६० सेकंद, लक्षात ठेवते. तो काळ उलटला की पुन्हा सर्व्हरकडे धाव घेते. असा चढउतार दिसला, तर दोष वाटेतील हेलपाट्यांचा असण्याची शक्यता बळावते.

दुसरी पायरी घड्याळाची. लिनक्ससारख्या व्यवस्थेत कोणत्याही आज्ञेपूर्वी ‘टाइम’ हा शब्द लिहिला, की एकंदर किती वेळ गेला आणि त्यांपैकी यंत्राचा मेंदू प्रत्यक्ष किती वेळ राबला, हे दोन्ही आकडे मिळतात. एकंदर ४० सेकंद आणि राबणे अवघे दोन सेकंद असेल, तर उरलेले ३८ सेकंद यंत्र वाट पाहत बसले होते. अशा वेळी अधिक वेगवान यंत्र आणले, तर ते अधिक वेगाने वाट पाहील, इतकेच. उलट, राबण्याचाच आकडा मोठा असेल, तर दोष अन्यत्र शोधावा.

तिसरी पायरी तुलनेची. तोच संग्रह तात्पुरता संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून तीच आज्ञा द्यावी. तेथे उत्तर अर्ध्या सेकंदात आले, तर गिट निर्दोष आहे आणि संग्रहाची रचनाही बरी आहे. दोष वाटेचा किंवा सर्व्हरचा. तेथेही मंदच चालले, तर दोष संग्रहाच्या पोटात आहे. दोन कुंड्यांमधील फरक तो हाच.

चौथी पायरी मोजणीची. संग्रह किती गिगाबाइटांचा, हा प्रश्न सर्व जण विचारतात. त्यात फाइली आणि फोल्डर किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ‘पिंग’ या आज्ञेने सर्व्हरपर्यंत एक फेरी किती मिलिसेकंदांची, ते कळते. फाइलींची संख्या आणि फेरीचा काळ यांचा गुणाकार करावा. तो प्रत्यक्ष लागलेल्या वेळाच्या जवळपास आला, तर निदान बहुतांशी झाले.

पाचवी पायरी खुद्द गिटला विचारण्याची. आपल्या कामाच्या कोणत्या टप्प्यास किती वेळ लागला, याचा तपशील गिट मागितल्यास छापून देते. सूचीतील फाइली ताडण्यात वेळ गेला, की नवीन फाइलींच्या शोधात फोल्डर धुंडाळण्यात गेला, हे त्यावरून निश्चित कळते. लिनक्सवरील ‘एसट्रेस’ ही आज्ञा तर कोणत्या प्रकारची विचारणा कितीदा झाली, याचा तक्ताच हाती ठेवते.

या तक्त्यात कधीकधी एक निराळेच दुखणे उघडकीस येते. तपासणी केवळ आकार आणि वेळ ताडून थांबावयास हवी, परंतु गिट एकेक फाइल उघडून आरंभापासून अखेरपर्यंत वाचू लागलेली दिसते. एकच साठा दोन निराळ्या यंत्रांना जोडलेला असला, आणि फाइलींच्या काही अंतर्गत खुणा दोन्हीकडे निरनिराळ्या दिसत असल्या, तर असे घडते. पहिल्या यंत्राने टिपलेली सूची दुसऱ्यास जुळत नाही. मग प्रत्येक फाइल बदलली असावी या संशयाने ती वाचून पाहणे भाग पडते. येथे मात्र वजनालाही महत्त्व येते, आणि छायाचित्रांचा साठा असेल तर मिनिटांचे तास होतात. कोणत्या खुणांवर विसंबावयाचे आणि कोणत्या सोडावयाच्या, हे गिटला सांगून ठेवण्याची सोय आहे. शक्य असल्यास एका संग्रहावर एकाच यंत्राने काम करावे, हे अधिक चांगले.

निदान झाल्यावर उपाय. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे: एका वेळी एकच उपाय करावा आणि पुन्हा मोजावे. पाच औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला ते कळत नाही आणि अपाय कशाने झाला तेही कळत नाही.

सर्वांत सोपा उपाय विचारणा एकामागून एक न पाठविता एकदम अनेक पाठविण्याचा. टोरवाल्ड्स यांनी २००८ मध्येच एनएफएसवरील मंदपणा डोळ्यांपुढे ठेवून ही सोय गिटमध्ये घातली, आणि २०१४ पासून ती मुळातच चालू असते. एकाऐवजी वीस पोस्टमन निघाले, तर वरच्या उदाहरणातील ४०० सेकंदांचे हिशेबाने २० सेकंद व्हावेत. दुसरा उपाय फोल्डरांचा. ज्या फोल्डरात काही नवे आले वा गेले नाही, तो पुन्हा न धुंडाळण्याची सोय २०१५ मध्ये आली. आपल्या साठ्यावर ती विश्वासार्ह चालेल किंवा नाही, याची चाचणी घेणारी आज्ञाही सोबत दिलेली आहे. ती चाचणी टाळू नये. तिसरा उपाय आवराआवरीचा. गिटच्या पोटात जुन्या अवस्था हजारो सुट्या लहान फाइलींच्या रूपात साचतात. त्यांचा एक गठ्ठा बांधून ठेवण्याची आज्ञा आहे. सुटे कागद पुठ्ठ्यात बांधावेत, तसेच ते. चौथा उपाय विभागणीचा. लिप्यंतराचा मजकूर हलका आणि वारंवार बदलणारा. पानांची छायाचित्रे जड आणि सहसा न बदलणारी. दोहोंस एका दावणीस बांधण्याचे कारण नाही. मजकुराची नोंद गिटने ठेवावी आणि छायाचित्रे स्वतंत्र भांडारात ठेवून त्यांचा केवळ निर्देश मजकुरासोबत असावा. ज्यास एकाच दफ्तरावर काम करावयाचे आहे, त्याने तेवढाच भाग आपल्यापुढे मांडून घ्यावा, अशीही सोय गिटमध्ये आहे.

हा प्रश्न केवळ लहान संस्थांचा आहे, असे कोणी समजू नये. मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज या आज्ञावलीचे सारे लेखन गिटमध्ये आणण्याचे ठरविले, तेव्हा तो संग्रह सुमारे ३५ लाख फाइलींचा आणि ३०० गिगाबाइटांचा होता. कंपनीच्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार साधे ‘स्टेटस’ विचारण्यास दहा मिनिटे लागत. संपूर्ण संग्रह प्रथम उतरवून घेण्यास बारा तासांहून अधिक काळ लागे. सर्व फाइली तपासणे सोडून, वापरणाऱ्याने ज्यांना हात लावला आहे तेवढ्याच तपासावयाच्या अशी योजना त्यांनी केली, आणि तेच ‘स्टेटस’ चारपाच सेकंदांवर आले. जगातील मोठमोठी यंत्रे ज्या कंपनीस उपलब्ध होती, तिलाही उपाय सापडला तो यंत्र बदलण्यात नव्हे, अनावश्यक विचारणा टाळण्यात.

वेगाच्या मोहात एक धोका मात्र संभवतो, त्याचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. फाइल बदलली की यंत्राने आपण होऊन गिटला वर्दी द्यावी, म्हणजे तपासण्याचे कामच उरू नये, अशी सोय अलीकडे गिटमध्ये आहे. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ती उत्तम चालते. जोडलेल्या दूरच्या साठ्यावर मात्र तिसऱ्याच संगणकावरून झालेल्या बदलाची वर्दी पोहोचेलच, याचा भरवसा नसतो. म्हणून २०२२ मध्ये गिटसोबत आलेली वर्दीची अंगभूत व्यवस्था नेटवर्कवरील साठ्यासाठी सहजासहजी चालू होत नाही. ‘ही फाइल बदललेली नाही असे समज’ असे गिटला परस्पर सांगून तपासणी टाळण्याचीही एक वाट आहे. तीही धोक्याचीच. कारण मग झालेला बदल नोंदीत येत नाही, आणि कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. मंद पण खरी नोंद आणि जलद पण चुकीची नोंद यांतून निवडावयाची वेळ आली, तर ग्रंथालयाने पहिलीच निवडावी. सुदैवाने, योग्य निदान झाले तर अशी निवड करण्याची वेळ सहसा येत नाही.

सर्वांत परिणामकारक उपाय अखेरीस सांगावयाचा राहिला आहे, आणि तो महाभारताच्या संपादकांनी संगणकापूर्वीच आचरणात आणला होता. तंजावरची पोथी तंजावरातच पडताळावी आणि पुण्यास केवळ पाठभेदांचा तक्ता यावा. गिटच्या बाबतीत याचे दोन मार्ग आहेत. एक, दूरच्या सर्व्हरवर दूरनियंत्रणाने प्रवेश करून गिटची आज्ञा तेथेच द्यावी. ८०,००० विचारणा त्या यंत्राच्या आतल्या आत होतील आणि तारेवरून येईल ते केवळ अखेरचे उत्तर. दुसरा, संग्रहाची संपूर्ण प्रत प्रत्येकाने आपल्या संगणकावर उतरवून घ्यावी, काम आणि नोंद तेथेच करावी आणि झालेले बदल तेवढे मध्यवर्ती भांडाराकडे पाठवावेत. वस्तुतः गिटची घडण या दुसऱ्या मार्गासाठीच झालेली आहे. प्रत्येकापाशी साऱ्या इतिहासासह पूर्ण प्रत असावी, हे तिचे मूळ तत्त्व. दूरचा साठा जोडून त्यावर गिट चालविणारे तिला तिच्या प्रकृतीविरुद्ध राबवितात, आणि मग ती थकली म्हणून तिलाच बोल लावतात. सर्वांच्या प्रती सर्वांपाशी असण्याचा आणखी एक लाभ ग्रंथप्रेमींना सांगावयास नको: एक भांडार जळाले किंवा बुडाले, तरी ग्रंथ उरतो.

शंभर वर्षे ग्रंथालय चालते, तेव्हा त्यामागे ग्रंथांइतकीच दाखलनोंदवहीही उभी असते. कोणते पुस्तक केव्हा आले, कोणी दिले, कोणाकडे गेले, हे लिहिणारा हात एक दिवस थांबला, तर त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते वीस वर्षांनी, कपाटातील रिकाम्या जागेवरून. संगणकावरील नोंदवही याहून निराळी नाही. तिचा वेग कमी झाला, तर तिला सोडून न देता, घाबरून खर्चही न करता, घड्याळ हाती घेऊन एकेका कुंडीत उतरावे. दोन कुंड्यांमधला अडथळा सापडतो, आणि तो दूर झाला की नोंद ठेवणाऱ्याला पुन्हा नोंद ठेवावीशी वाटते. येत्या शतकात ज्या कागदांची लिप्यंतरे सिद्ध होतील, त्यांतील प्रत्येक दुरुस्तीमागचे नाव, दिवस आणि कारण पुढच्या वाचकास सापडावे, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.